इनचार्ज सिस्टर सगळ्यांसमोर अपमान करतात, तक्रार करू की नोकरीच सोडू? (जळगाव)

भुसावळ_स्टाफनर्स
नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली नर्स आहे, जळगावच्या एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला, नाव सांगत नाही. भुसावळहून अप-डाऊन करते. आमच्या इनचार्ज सिस्टर गेल्या पावसाळ्यापासून माझ्या मागेच लागल्यात. चूक दाखवली तर मला राग नाही, आयसीयूत दाखवायलाच पाहिजे, पण पेशंटच्या नातेवाइकांसमोर "हिला पास कोणी केलं" असं म्हणतात. हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती, द्यायला लागले की मध्येच तोडतात आणि नंतर सगळ्यांना सांगतात की हिने हे सांगितलंच नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी शिंदखेड्याला जायचं होतं, रजा आधीच मंजूर होती, आदल्या दिवशी नाव खोडून नाइट लावली. बाकीच्या मुली आता सोबत जेवायला पण बसत नाहीत, त्यांनाही वाटतं हिच्याशी बोललं तर आपल्या नाइट वाढतील.
सगळ्यात जास्त भीती वेगळीच आहे. परवा पोटॅशियम क्लोराइडची ऑर्डर होती, अक्षर नीट लागत नव्हतं आणि ते औषध तर दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्यायचंच असतं. विचारलं तर म्हणाल्या एवढंही कळत नाही का, घरी बस मग. मी ड्युटी डॉक्टरांना उठवून खात्री केली तेव्हाच लावलं. पण आता काहीही विचारायच्या आधी हात थरथरतात. झोप लागत नाही, ड्युटीच्या आधी उलटी होते. घरचे म्हणतात सोडून दे, पण पगारावर घर चालतं. काय करू?

ब्रदर_धुळे
ताई सगळीकडे हेच आहे, मी तीन हॉस्पिटलं बदलली. सीनियर लोकांनी पण असंच सहन केलेलं असतं म्हणून ते करतात. वर्ष काढा, अनुभव प्रमाणपत्र घ्या आणि सरकारी भरतीचा अभ्यास करा. तक्रार केली की तेच प्रमाणपत्र अडकवतात.

चोपड्याची_सिस्टर
ब्रदर, तुमचं मन दुखवायचं नाही पण "सहन करा" हे सांगणं मला पटत नाही. मी सरकारी नोकरीतून रिटायर झाले, वॉर्ड सांभाळले, मुलींना रागावलेही, पण रागावणं बाजूला नेऊन असतं आणि कामाबद्दल असतं. पेशंटसमोर शिक्षण काढणं, हँडओव्हर मुद्दाम तोडणं, मंजूर रजा खोडणं ही छळवणूक आहे.
आणि बेटा, पोटॅशियमचं जे केलंस ते शंभर टक्के बरोबर. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं, म्हणून तर दोघींनी बघायचं. ज्या वॉर्डात विचारायला भीती वाटते तिथे पेशंट सुरक्षित नाही, आणि हा मुद्दा मॅनेजमेंट कानाआड करू शकत नाही. तक्रारीत पहिला हाच लिही, तुझा अपमान त्याच्यानंतर. आजपासून वहीत तारीख, वेळ, काय बोलल्या तेच शब्द, कोण होतं, सगळं लिहीत जा, वही घरी ठेवायची. रोस्टर बदललं की फोटो. फक्त पेशंटचं नाव किंवा केसपेपर फोटोत यायला नको, नाहीतर उलटं तुझ्यावरच येईल.
झोप नाही, उलट्या होतात म्हणतेस, डॉक्टरला दाखव आणि कागद जपून ठेव. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. तू एकली नही शे बहीन.

यावल_लेबर
मी नर्स नाही पण कामगार कायद्याचं काम बघतो. २०१३ चा कायदा आहे तो लैंगिक छळाचा, दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की अशा तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती लागतेच. पण तुम्ही लिहिलंय त्यात तसला प्रकार दिसत नाही, असेल तर तीन महिन्यांच्या आत लेखी द्या. नुसत्या अपमानासाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही, म्हणून तर कागद महत्त्वाचा. जादा तास, सुट्टी, थकलेला पगार हे मात्र सहायक कामगार आयुक्तांकडे नेता येतं.
पगाराचंही बघून घ्या. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राच्या समितीने शिफारस केली होती, ५० खाटांपेक्षा लहान हॉस्पिटलातही नर्सला २०,००० च्या खाली नको. राज्यांनी ते नीट लावलेलं नाही, पण बोलताना आधार म्हणून उपयोगी पडतं.
आणि रागाच्या भरात राजीनामा टाकू नका. आधी मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे अडकलीत का ते बघा, असली तर लेखी मागा.

भुसावळ_स्टाफनर्स
मूळ प्रमाणपत्रं जॉइन होताना जमा करून घेतलीत, आता हे वाचून धस्स झालं. सिस्टर, तुमचं वाचून रडायला आलं पण बरं वाटलं, आतापर्यंत कोणी म्हटलंच नव्हतं की मी बरोबर केलं. अर्ज मेट्रन मॅडमना (सगळ्या नर्सच्या प्रमुख) देऊ की सरळ डायरेक्टरांना? आणि मराठीत चालेल का?

चोपड्याची_सिस्टर
मेट्रनना दे, खाली "प्रत माहितीसाठी" म्हणून डायरेक्टरांचं नाव टाक. मराठीतच लिही, एक पान पुरे. दोन प्रती कर, आपल्या प्रतीवर सही-शिक्का घेऊन पोच घे. देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठव, पावती जपून ठेव. प्रमाणपत्रांचा अर्ज वेगळा दे, तो आधी.

ब्रदर_धुळे
सिस्टर म्हणतात ते खरंय. माझीपण प्रमाणपत्रं आधीच्या ठिकाणी तशीच अडकवली होती, लेखी अर्ज दिल्यावरच मिळाली. ताई, अर्जाचा मजकूर लागला तर सांगा, माझ्याकडे आहे.