साचा सगळ्यांचा, खोड आपली

गोंडस चित्रं काढली की सगळी पिंटरेस्टवरच्यासारखीच दिसतात, स्वतःचं काही उतरत नाही, असं तुम्ही म्हणताय. माझंही तेच होत होतं. मोठं डोकं, खाली सरकलेले टपोरे डोळे, गुबगुबीत गाल हा साचा प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झने १९४३ मध्येच मांडून ठेवलाय. तो सगळ्यांचाच. तुमचं जे काही आहे ते त्याच्याबाहेर शोधा.

मी सांगलीची. दोन महिने फक्त आसपासच्या गोष्टी काढल्या. हळदीची पोती, भडंगाचा पुडा, आयर्विन पूल. पोतं काढताना कळलं, माझी रेष खाली येताना जाड होते आणि वस्तू जरा बसकी दिसते. इतके दिवस ती चूक समजून स्टॅबिलायझर (ड्रॉइंग ॲपमधली रेषेची थरथर काढणारी सोय) वाढवून मी तिला गुळगुळीत करत बसले होते! आता तो कमीच ठेवते. ब्रश एक, रंग पाच, त्यात हळदीचा पिवळा ठरलेला. पुड्याला तोंड काढत नाही, दोन टिंबं पुरे; हॅलो किटीला तरी कुठंय तोंड? (आई म्हणते, पुडा रुसलाय. असू दे.)

तुमची जुनी वीसेक चित्रं एकाच कॅनव्हासवर लावा आणि कुठली खोड पुन्हा पुन्हा येतेय ते बघा. ती पुसू नका.