मदत हवी आहे : वडिलांच्या तोफखान्यातील वहीचा अर्थ लावण्यासाठी

माझे वडील तोफखान्यात हवालदार होते आणि शांतिसेनेबरोबर १९८८ मध्ये श्रीलंकेत होते. खडकीतल्या आमच्या घरी त्यांच्या ट्रंकेत, विदेश सेवा पदकाच्या डबीखाली, पेन्सिलीने भरलेली एक वही सापडली. एका पानावर घामाचा डाग असून त्याखालचे आकडे पुसट झाले आहेत. कोन 'मिल'मध्ये आहेत (पूर्ण वर्तुळ म्हणजे ६४०० मिल, एवढे मला समजले), परंतु त्याशेजारचे चार्जचे (गोळा फेकणाऱ्या दारूच्या मापाचे) क्रमांक आणि वारा व तापमान यांच्या दुरुस्त्या उलगडत नाहीत.

त्या काळी १०५ मिलिमीटरच्या तोफेसाठी, जिचा पल्ला सुमारे १७ किलोमीटर होता, हे गणित तक्त्यांवरून हाताने कसे केले जाई, हे कोणी समजावून सांगू शकेल का? आपल्याच पुण्यातील पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळेने (एआरडीई) विकसित केलेल्या १५५ मिलिमीटरच्या नव्या तोफेचा पल्ला जवळपास ४८ किलोमीटर असून तिच्यात हे काम संगणक करतो, त्यामुळे जुनी रीत जाणणाऱ्यांकडूनच ती लिहून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

वडिलांना आता ऐकू फार कमी येते, तरी आकडा दाखवला की ते बोटांनी अजून काही खुणा करतात. पुण्यातील निवृत्त तोफचींपैकी कोणी घरी येऊन त्यांच्याशेजारी बसू शकतील का?