'गंजरोधक' की 'क्षरणरोधक'?

प्रश्न : पोलादासाठीच्या वनस्पतिजन्य 'कोरोजन इनहिबिटर'वर (धातूची झीज रोखणाऱ्या द्रव्यावर) मराठीत लेख लिहिते आहे. प्रयोग मेंदीच्या पाल्याचा, हायड्रोक्लोरिक ॲसिडात. 'गंजरोधक' म्हटलं तर चालेल ना?

उत्तर : ॲसिडात असेल तर कृपया नको. गंज म्हणजे हवा आणि पाणी लागून लोखंडावर चढणारी तांबूस पूड. गव्हावरच्या रोगाला 'तांबेरा' म्हणतात तोही त्याच रंगावरून. ॲसिडच्या टाकीत ती पूड धरतच नाही. पोलादाची पट्टी आत सोडली की हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात, लोखंड विरघळत जातं, आणि पट्टी बाहेर काढून तोलली की वजन घटलेलं. गंज नाही, तरी धातू गेला! याला शाळेच्या पुस्तकातला 'क्षरण' हाच शब्द नेमका. तो सगळ्या धातूंना चालतो. पितळी भांड्यात ताक कळकतं, पण भांडं गंजलं असं कुणी म्हणत नाही.

दुसरं मत : क्षरण मान्य. पण 'रोधक' कसं? पाला क्षरण थांबवत नाही, नुसता वेग कमी करतो. 'क्षरणमंदक' म्हणा.

उत्तर : गतिरोधक तरी गाडी कुठे थांबवतो? रोधक राहू द्या, तो रुळलाय.
मला जास्त खटकतं ते अशा लेखांत 'ॲडसॉर्प्शन'ला 'शोषण' म्हणणं. पाल्यातले रेणू धातूच्या आत मुरत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून ॲसिडची वाट अडवतात. ते 'अधिशोषण'. हा 'अधि' गाळला तर सगळी क्रियाच चुकीची सांगितली जाते.

प्रश्न : आणि 'एक्स्ट्रॅक्ट'? अर्कच ना?

उत्तर : पाला पाण्यात उकळून गाळला असेल तर तो सरळ काढा. अर्क मूळचा अरबी, 'घाम' या अर्थाचा. म्हणून वाफ थंड करून थेंबथेंब मिळवलेला तो अर्क. आज अर्क सैल अर्थानं चालतो, पण लेखात कृती कळायला हवी.

तिसरं मत : लोखंडी कढईत आवळा उकळला की काळाकुट्ट होतो, तेही अधिशोषणच का?

उत्तर : नाही. आवळ्यातली तुरट द्रव्यं, म्हणजे टॅनिनं, कढईतल्या लोहाशी संयोग पावून काळा पदार्थ बनवतात. हिरड्याची शाई याच गुणावर होत असे. गंजलेल्या पत्र्यावर टॅनिनचा हात देतात तेव्हाही हेच घडतं, आणि तिथे मात्र 'गंज' शब्द हक्कानं वापरा.

प्रश्न : मग शीर्षक असं करते : 'मेंदीच्या काढ्यानं पोलादाचं क्षरणरोधन'.