मदत हवी आहे: टास्मानला ऑस्ट्रेलिया दिसला कसा नाही?

नमस्कार मंडळी,
आमच्या वाचनकट्ट्यावर सध्या ज्यूल व्हर्नची कॅप्टन निमोवाली कादंबरी चालू आहे आणि मुलांसाठी मोठ्या नकाशावर निमोच्या पाणबुडीचा, नॉटिलसचा रस्ता काढायचं काम माझ्याकडे आलंय. फिजी बेटांपाशी गोष्ट सांगणारा प्रोफेसर अरोनॅक्स म्हणतो की ही बेटं टास्मान या डच दर्यावर्दीने 1643 मध्ये शोधली, त्याच वर्षी टॉरिचेलीने बॅरोमीटर बनवला आणि चौदावा लुई गादीवर बसला, यातलं माणसाच्या जास्त कामाचं काय ते तुम्हीच ठरवा. (बेटांवर लोक आधीपासून राहतच होते, ते मुलांना सांगणारच आहे.) मला ही जागा इतकी आवडली की निमोच्या लाल रेघेशेजारी टास्मानची निळी रेघ पण काढायला घेतली आणि तिथेच अडलोय.

म्हणजे बघा, आबेल टास्मान ऑगस्ट 1642 मध्ये हेमस्कर्क आणि झेहान ही दोन जहाजं घेऊन बटाव्हियाहून, म्हणजे आताच्या जकार्ताहून निघाला, जायचं पूर्वेला पण आधी गेला पश्चिमेला पार मॉरिशसला, तिथून खाली उतरून पूर्वेकडे, 24 नोव्हेंबरला आजचं टास्मानिया दिसलं, डिसेंबरात न्यूझीलंड, तिथे माओरींशी चकमकीत त्याचे चार खलाशी मेले, मग टोंगा, फिजी आणि न्यू गिनीच्या वरून जून 1643 मध्ये परत बटाव्हिया. अख्ख्या ऑस्ट्रेलियाला वळसा घातला आणि मुख्य भूमी एकदाही दिसली नाही! टास्मानियावरून थोडं वर का नाही गेला? आणि मॉरिशस कशाला? शिवाय रेखांश नीट मोजताच येत नव्हते तर ही निळी रेघ कितपत खरी मानायची?

वेंगुर्ल्याची डच वखार टास्मानला पाठवणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीचीच आणि साधारण याच काळातली, 1637 ची, त्यामुळे आमच्या मुलांना हा माणूस जवळचा वाटेल अशी फार आशा आहे. कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
तुमची रेघ बरोबर आहे, मॉरिशस पुसू नका. चाळीस अंश दक्षिणेच्या खाली पश्चिमेकडून सतत जोराचा वारा असतो, तो धरला की जहाज पूर्वेला सुसाट जातं, आणि मॉरिशस तेव्हा डचांकडेच होतं, तिथे जहाजांची डागडुजी करून पाणी-लाकूड भरून घेतलं. टास्मानियाच्या पूर्व बाजूने तो वर जातच होता हो, पण किनारा वायव्येला वळला आणि वाराही नेमका तिकडूनच, म्हणून तोंड पूर्वेला फिरवलं. तसंही चिलीकडे जायचा समुद्रमार्ग सापडतो का हे बघायचं कंपनीने सांगितलंच होतं.

अक्षांश सूर्यावरून घ्यायचे, ते बऱ्यापैकी विश्वासाचे. रेखांश मात्र वेग, दिशा आणि किती वेळ चाललो यावरून अंदाजाने, त्यामुळे खुल्या समुद्रात रेघ तुटक काढा आणि किनारा दिसला तिथे ठळक. त्याच्या रोजनिशीचा इंग्रजी अनुवाद 1898 मध्ये छापलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्ग ऑस्ट्रेलियावर फुकट मिळेल, त्यात तारखेनुसार नोंदी आहेत, त्याच सरळ नकाशावर मांडत जा.