पालकांची सही असूनही नोटीस आली: मनोरंजन केंद्राची जबाबदारी कुठपर्यंत?

प्रश्न (सदस्य: केंद्र_व्यवस्थापिका)

नमस्कार. मी गेली ४ वर्षे एका बंदिस्त मनोरंजन केंद्राचे व्यवस्थापन पाहते. आमच्याकडे ट्रॅम्पोलीनचे मोठे दालन, चढाईची भिंत आणि लहान मुलांच्या घसरगुंड्या आहेत. महिन्यापूर्वी एका शनिवारी संध्याकाळी ९ वर्षांचा एक मुलगा ट्रॅम्पोलीनवर पडला आणि त्याच्या नडगीचे हाड मोडले. त्याच चौकोनावर त्या वेळी १६-१७ वर्षांचा एक मुलगाही उड्या मारत होता. एका चौकोनावर एकानेच उतरावे असा आमचा नियम आहे, तो फलकावर आहे आणि आत सोडताना तोंडीही सांगितला जातो. मात्र त्या वेळी दालनात दोनऐवजी एकच मार्शल (उड्या मारणाऱ्यांवर देखरेख ठेवणारा कर्मचारी) होता, कारण तिकीट खिडकीवर गर्दी झाल्यामुळे दुसऱ्याला मीच तिकडे बोलावून घेतले होते.

कोणत्याही इजेस केंद्र जबाबदार राहणार नाही, अशा मजकुराच्या संमतिपत्रावर मुलाच्या वडिलांनी प्रवेशाच्या वेळी सही केली होती. तरीही गेल्या आठवड्यात त्यांच्या वकिलांची नोटीस आली. सही असल्यामुळे काळजीचे कारण नाही, असे आमच्या मालकांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. त्या दिवशीच्या रजिस्टरमध्ये मार्शल हलवल्याची नोंद नाही आणि ते पान ‘नीट करून घ्यावे’ असे मला सुचवण्यात आले आहे. मी अजून त्याला हात लावलेला नाही. सहीचा आधार नेमका किती असतो आणि या क्षणी मी काय करावे, हे जाणकारांनी सांगावे. मुलाच्या आईला फोन करावा असे रोज मनात येते, पण तसे केल्याने आपल्याच विरुद्ध पुरावा तयार होईल, असेही सांगितले जात आहे.

उत्तर १ (सदस्य: दिवाणी_वकील)

सर्वप्रथम, ते पान जसे आहे तसेच राहू द्या. राहून गेलेली नोंद ही फार तर एक त्रुटी ठरेल, पण नोटीस आल्यानंतर घुसडलेली नोंद उघड झाली, तर तुमच्या बाजूचा एकही कागद न्यायालय विश्वासाने वाचणार नाही आणि खोटा पुरावा तयार केल्याचे वेगळे प्रकरण तुमच्यावर व्यक्तिशः उभे राहू शकते. त्याऐवजी आजची तारीख घालून एक स्वतंत्र टिपण लिहा. त्यात कोण कुठे उभे होते, तुम्ही किती वाजता कोणाला हलवले आणि स्वतः काय पाहिले एवढेच असावे, अंदाज किंवा निष्कर्ष नकोत. हे टिपण थेट तुमच्या वकिलांकडे द्या. त्या संध्याकाळचे सीसीटीव्ही चित्रण अजून शिल्लक असेल, तर आजच्या आज वेगळे काढून ठेवा. बहुतेक यंत्रणा काही आठवड्यांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण भरतात.

आता सहीविषयी. संमतिपत्राचे वजन देशागणिक बदलते. ब्रिटनमध्ये १९७७ च्या कायद्यानेच व्यावसायिकाला स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी कराराने झटकण्यास मनाई केली, आणि ग्राहकांपुरती तीच तरतूद आता २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात तर शुल्क आकारणाऱ्या व्यायामशाळा, जलतरण तलाव आणि करमणुकीच्या जागा यांच्या संमतिपत्रातील अशी अट कायद्यानेच रद्दबातल आहे. त्याच देशातील इतर अनेक राज्ये सज्ञान व्यक्तीची सही मानतात, परंतु मुलाचा दावा पालक आगाऊ सोडून देऊ शकतात का, यावर तिथेही न्यायालयांची मते विभागलेली आहेत.

म्हणून संमतिपत्राकडे धोक्याची सूचना दिल्याचा पुरावा म्हणून पाहावे. हा फरक समजण्यासाठी १९२९ मधील न्यूयॉर्कचा एक निकाल मला नेहमी उपयोगी वाटतो. तेथील कोनी आयलंड या करमणुकीच्या ठिकाणी वर सरकणाऱ्या पट्ट्यावर उभे राहण्याचा एक खेळ होता. एक तरुण त्यावर पडला, त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली आणि त्याने दावा लावला. लोक पडतात हे डोळ्यांसमोर दिसत असताना तो त्यावर चढला, त्यामुळे तो धोका त्याने पत्करला होता, असे म्हणून वरिष्ठ न्यायालयाने त्याच्या बाजूने लागलेला निकाल रद्द केला आणि नव्याने सुनावणीचा आदेश दिला. मात्र धोका झाकलेला असता, किंवा संचालकाने काहीतरी खबरदारी घेतलीच असेल असे कोणीही गृहीत धरावे इतका गंभीर असता, तर गोष्ट वेगळी झाली असती, हेही त्याच निकालात आहे. उडी मारताना पाय मुरगळणे ट्रॅम्पोलीनच्या स्वरूपातच आहे. चौकोनात दुसरा कोणी शिरला तर मार्शल थांबवेल, हे मात्र त्या वडिलांनी तुमच्यावर सोपवले होते, आणि तुमच्या प्रकरणाचा भार याच ठिकाणी आहे.

आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. अनेक देशांत अल्पवयीन मुलाच्या दाव्याची मुदत तो सज्ञान झाल्यावरच मोजायला सुरुवात होते. म्हणजे ९ वर्षांच्या मुलाबाबतचे कागद दहा-बारा वर्षे जपून ठेवावे लागू शकतात.

उत्तर २ (सदस्य: राइड_तपासनीस)

वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू मांडली आहे, मी यंत्राची आणि माणसांची मांडतो. एका चौकोनावर एकच, हा नियम शिस्तीसाठी केलेला नाही. जड व्यक्तीच्या वजनाने ताणलेली चादर ज्या क्षणी वर उसळते, त्याच क्षणी हलके मूल खाली येत असेल, तर त्याच्या पायाला मऊ पृष्ठभाग मिळतच नाही. कडक फळीवर उतरल्यासारखा धक्का थेट नडगीत जातो. घरगुती ट्रॅम्पोलीनवरील सुमारे ७५ टक्के इजा एकाच वेळी अनेकजण उड्या मारत असताना होतात, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ च्या निवेदनात नमूद केले आहे. तुमच्यासारख्या केंद्रांसाठी आता आयएसओ २३६५९ हे २०२२ चे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकही उपलब्ध आहे. त्यामुळे हा धोका आम्हाला ठाऊक नव्हता, असे कोणताही संचालक म्हणू शकणार नाही. हे लिहिताना तुम्हाला दुखवण्याचा हेतू नाही. मार्शल हलवण्याचा निर्णय तुमचा होता हे खरे, परंतु एकच माणूस खिडकी आणि दालन दोन्ही सांभाळेल, अशी रचना तुमच्या आधीच ठरलेली होती.

मोठ्या अपघातांचे तपास वाचले की हेच पुन्हा पुन्हा दिसते. जून २०१५ मध्ये ब्रिटनमधील ऑल्टन टॉवर्स येथे ‘स्मायलर’ या रोलर कोस्टरची १६ जण बसलेली गाडी रुळावर अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. संगणकाने गाडी थांबवली होती, पण रूळ मोकळा आहे असे समजून अभियंत्यांनी तो आदेश ओलांडला. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी चालक कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला, आणि तपास यंत्रणेने बोट ठेवले ते अभियंत्यांना नीट कार्यपद्धती आखून न देणाऱ्या व्यवस्थेवर. ऑस्ट्रेलियातील ड्रीमवर्ल्डमध्ये ऑक्टोबर २०१६ मध्ये जलसफरीच्या राइडवर चौघांचा मृत्यू झाला. पाण्याचा पंप त्याच दिवशी आधीही बंद पडला होता. पुन्हा बंद पडला तेव्हा पातळी उतरली, एक तराफा अडकला आणि मागचा त्यावर येऊन आदळला. पातळी घटताच राइड आपोआप थांबवणारी साधी सोयही तिथे नव्हती. जवळपास ३० वर्षे चाललेल्या त्या राइडचे सखोल अभियांत्रिकी जोखीम-मूल्यांकन कधी झाल्याचा पुरावा मृत्यूच्या चौकशीत मिळाला नाही. २०२० मध्ये कंपनीला ३६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला.

तुमच्या रजिस्टरबद्दलही एक सांगतो. तपासणीला गेल्यावर मी आधी यंत्र बघत नाही, आठवड्याची पाने उलटतो. सातही दिवसांच्या खुणा एकाच शाईत, एकाच तिरकसपणाने, एका बैठकीत ओढलेल्या असतील तर ते लगेच ओळखू येते. नंतर नटांकडे जातो. नट आवळल्यावर त्याच्यापासून पट्टीवर उतरणारी एक पिवळी रेघ रंगवतात. नट जरासा फिरला तरी रेघ मधेच तुटलेली दिसते. एका ठिकाणी अशा तीन रेघा तुटलेल्या होत्या आणि त्याच सकाळच्या रकान्यात ‘सर्व ठीक’ लिहिलेले होते. ते पान त्या केंद्राला कोऱ्या पानापेक्षा महागात पडले असते.

उत्तर ३ (सदस्य: दावे_विभाग)

मी विमा दाव्यांचे काम करते. नोटीस विमा कंपनीला कळवली आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. कळवली नसेल तर आजच लेखी कळवा, कारण घटना समजल्यावर विनाविलंब सूचना देणे ही बहुतेक पॉलिसींमधील अट असते आणि उशिराच्या कारणावरून दावा अडल्याची प्रकरणे मी स्वतः हाताळली आहेत. त्याच वेळी पॉलिसीतील वगळलेल्या बाबींचे पान काढून वाचा. ट्रॅम्पोलीन, हवेने फुगवलेली खेळणी आणि चढाईची भिंत ही नावे तिथे अनेकदा आढळतात, आणि सार्वजनिक दायित्वाचा विमा आहे एवढ्यावर मालक निश्चिंत असतात. चढाईची भिंत बाहेरचा कंत्राटदार सांभाळत असेल, तर नुकसानभरपाई तो देईल या करारातील वाक्यावर विसंबू नका. त्याचा विमा आज चालू आहे का, याचा कागद मागा.

आईला फोन करण्याबद्दल मला मनापासून लिहावेसे वाटते. जबाबदारी मान्य करू नका किंवा रकमेचा शब्द देऊ नका, असे कंपनी सांगेल आणि ते बरोबर आहे. पण मुलाची विचारपूस करणे म्हणजे जबाबदारी मान्य करणे नव्हे. इंग्लंडमध्ये तर २००६ च्या कायद्यातच लिहिलेले आहे की दिलगिरी व्यक्त करणे एवढ्यावरून निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही. आता नोटीस आलेली असल्यामुळे आधी तुमच्या वकिलांना विचारा आणि त्यांच्या संमतीने बोला. माझ्या टेबलावर आलेल्या कित्येक फायलींत पालकांचे पहिले वाक्य एकच असते: इतक्या दिवसांत कोणी साधे विचारलेही नाही.

केंद्र_व्यवस्थापिका

आपणा सर्वांची ऋणी आहे. टिपण लिहून वकिलांकडे दिले, विमा कंपनीला पत्र गेले, आणि चित्रण सुदैवाने शिल्लक होते. रजिस्टर तसेच ठेवणार असल्याचे मालकांना लेखी कळवले आहे. वकिलांच्या संमतीने आज आईशी बोलले. मुलाचे प्लॅस्टर पुढच्या आठवड्यात निघणार आहे. एक शंका राहिली: शनिवारी गर्दी होणारच, मग माणसे कमी असताना खिडकीवर काय करायचे?

राइड_तपासनीस

तिकिटांची संख्या दालनातील मार्शलांच्या संख्येला बांधून टाका. एका मार्शलमागे किती जण आत सोडायचे हा आकडा मानक आणि तुमच्या दालनाची रचना पाहून ठरवा, तो खिडकीवरच्या संगणकात घाला आणि मार्शल जागेवरून हलला की विक्री तेवढ्याने आपोआप थांबेल असे करून घ्या. दालन थांबवण्याचा अधिकार मार्शलला लेखी द्या, त्यावर मालकांची सही घ्या, आणि त्याने तो अधिकार वापरल्याबद्दल कोणीही त्याला जाब विचारणार नाही हेही त्याच कागदावर लिहून घ्या.