सोसायटीच्या पूजेला उमेदवार जोडीने बसणार म्हणतोय, बसू द्यावं का?

घोडबंदरकर
मंडळी एक विचारायचंय. आमच्या सोसायटीत गेटजवळ दत्ताचं छोटं मंदिर आहे, दरवर्षी वर्धापनदिनाला सत्यनारायण, संध्याकाळी भजन आणि महाप्रसाद, वर्गणी फ्लॅटमागे ठरलेली, फार गाजावाजा नसतो. यंदा पालिकेचं इलेक्शन तोंडावर आलंय तर प्रभागातल्या एका उमेदवाराचा माणूस सेक्रेटरीकडे येऊन गेला. म्हणे मंडप आणि जेवण आमच्याकडे लागलं, फक्त साहेब आणि वहिनी पूजेला जोडीने बसतील, गेटवर एक बॅनर लागेल आणि त्यांची पोरं रील काढतील. हे साहेब एरवी नाल्याच्या तक्रारीला फोन उचलत नाहीत, पण हल्ली रोज फोटो येतोय, कधी कोपिनेश्वरला अभिषेक, कधी एकवीरेला, कधी शिर्डीला, कपाळावर एवढा मोठा टिळा. ग्रुपवर भांडणं चालू झालीत. अर्धे म्हणतात देवाच्या कामाला कोणी पैसे देतोय तर नाही कशाला म्हणायचं, अर्धे म्हणतात हा सरळ प्रचार आहे. कायद्याने हे चालतं का? आणि मुळात माणूस देवभक्त दिसतो म्हणून त्याला मत द्यावं का?

कोर्टनाका_वकील
पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्याचं तुमचं तुम्ही बघा.

पूजेला बसणं, देवळात जाणं, टिळा लावणं हा गुन्हा नाही. उमेदवार झाला म्हणून कोणाची श्रद्धा सरकारजमा होत नाही. अडचण मत मागण्यात आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३), धर्म, जात, भाषा यांच्या नावावर मत मागितलं किंवा धार्मिक चिन्हं वापरून मागितलं तर ते भ्रष्ट आचरण, आणि कोर्टात सिद्ध झालं तर निवडून आलेला माणूस घरी जातो. हे आपल्याकडे घडलंय सुद्धा. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत रमेश प्रभू जिंकले, प्रचारातल्या बाळासाहेब ठाकरेंच्या भाषणांवरून निवडणूक रद्द झाली, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९९५ मध्ये ते कायम केलं, आणि त्याच प्रकरणातून पुढे बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षं गेला. गंमत म्हणजे हिंदुत्व ही जीवनपद्धती आहे हे जे वाक्य सगळे फेकत असतात ते पण ह्याच निकालातलं, म्हणजे वाक्य लक्षात राहिलं आणि निवडणूक रद्द झाली ते लोक विसरले. पुढे जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायाधीशांनी ४ विरुद्ध ३ असा निकाल दिला की नुसता उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म काढून मत मागितलं तरी ते ह्यात बसतं.

आता लक्षात घ्या, १९५१ चा कायदा लोकसभा-विधानसभेचा. पालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिचा कायदा वेगळा आहे. पण देऊळ, मशीद, चर्च ही प्रचाराची जागा नाही हे आचारसंहितेतलं तत्त्व सगळीकडे तेच. तुमच्या केसमध्ये बॅनरवर साहेबांचा फोटो आणि जेवणाचं बिल पण साहेबांचं असेल तर तो सरळसरळ त्यांचा निवडणूक खर्च होतो, आणि मतदारांना जेवू घालणं हे आणखी वेगळं लफडं. उद्या विरोधी पार्टीच्या पोराने व्हिडिओ निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पाठवला आणि भरारी पथक आलं तर आधी सेक्रेटरीला विचारणार मंडप कोणी घातला. तेव्हा नुसतं देवाचं काम आहे म्हणून भागणार नाही.

आगरी_पोर_कोपरखैरणे
वकील साहेब बरोबर बोलले पण थोडं आमच्या बाजूने पण बघा. आमच्याकडे गावदेवीच्या पायाशी प्रचाराचा नारळ फुटल्याशिवाय कुठलाच उमेदवार बाहेर पडत नाही, कुठल्याही पक्षाचा असो, आणि नाही फोडला तर गावातली म्हातारी माणसंच विचारतील काय रे देवीला विसरलास का. जत्रेला पालखीला खांदा नाही दिला की हा आपला नाही असा शिक्का बसतो. म्हणजे नाटक करतो तो उमेदवार आणि तिकीट काढून बघायला बसतो आपण. ठाण्यात तर तुम्हाला सांगायला नको, टेंभीनाक्याची देवी शिवसेनेच्या आनंद दिघे साहेबांनी बसवली आणि त्या उत्सवातून केवढं राजकारण उभं राहिलं, दहीहंडीचं पण तेच. तिथे कार्यकर्ता तयार होतो, रात्री दोन वाजता अॅम्ब्युलन्स लागली तर तोच धावतो. ते सगळं ढोंग असं मी तरी म्हणणार नाही.

मला राग येतो तो बसचा. इलेक्शन आलं की बायकांना भरून एकवीरेला बस, शिर्डीला बस, वर साडी आणि टिफिन. आमची आई दोन वेगवेगळ्या उमेदवारांच्या बसमधून एकवीरा आईचं दर्शन घेऊन आली आणि मत तिसऱ्याला दिलं 😄 म्हणाली देवी माझी आहे, बस त्यांची होती.

घोडबंदरकर
@आगरी_पोर तुमच्या आईंना दंडवत. @वकील साहेब, जेवणाचं बिल त्यांच्या नावावर न घेता त्यांनी कॅश दिली आणि आम्ही पावती सोसायटीच्या नावाने फाडली तर?

कोर्टनाका_वकील
हा प्रश्न तुम्ही इथे लेखी विचारलात, अजून काय बोलू 🙏

मुंब्रा_कौसा
तुमच्याकडे टिळा तसा आमच्याकडे इफ्तार. रमजानमध्ये इलेक्शन जवळ असलं की आयुष्यात कधी रोजा न बघितलेले लोक पहिल्या रांगेत खजूर हातात घेऊन, कॅमेरा रेडी झाला का बघत बसलेले असतात, अजान व्हायच्या आधीच एकाने खजूर खाल्ला होता तो सीन मी विसरणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस खाडीच्या पलीकडे जाऊन आमच्याबद्दल काय बोलतो ते पण व्हॉट्सअॅपवर येतंच. मला वाटतं भक्ती खरी का खोटी हे आपल्याला कळणार नाही आणि ते आपलं कामही नाही. बघायचं असेल तर हे बघा की तो एका वस्तीत जे बोलतो ते दुसऱ्या वस्तीत बोलू शकतो का. माझ्या मते देवळात जाणारा उमेदवार मला चालतो, पण देवळातून बाहेर येऊन माझ्याकडे बोट दाखवणारा चालत नाही. पूजेला बसू द्यायचं का ते तुमचं बघा, पण माइक मात्र देऊ नका.

वाशीकर_न्यूजर्सी
इथलं थोडं सांगतो. सगळ्यांना वाटतं अमेरिका म्हणजे एकदम सेक्युलर, पण इथे चर्चला न जाणाऱ्या उमेदवाराची जास्त पंचाईत होते. घटनेच्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की कुठल्याही पदासाठी धर्माची अट नाही, तरी १९६० मध्ये अध्यक्षपदाला उभ्या असलेल्या केनेडींना ह्यूस्टनला पाद्र्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं की मी कॅथलिक आहे पण राज्यकारभार पोपना विचारून करणार नाही. १९५४ पासून नियम आहे की टॅक्सची सूट घेणाऱ्या चर्चने उमेदवाराचा प्रचार करायचा नाही, पाळतात किती तो वेगळा विषय. आपल्याकडचं बरं म्हणायचं, निदान जेवण तरी मिळतं.

नेरुळची_मावशी
मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली होती. मतदान झालं, ४१ बाजूने आणि ६८ विरुद्ध, दुरुस्ती पडली. विरोध करणारे सगळे नास्तिक होते असं अजिबात नाही, त्यातले कितीतरी स्वतः पूजाअर्चा करणारे. म्हणणं एवढंच की देव मतदानाला टाकू नका. आणि आजही आमदार-खासदारकीचा उमेदवार फॉर्म भरताना शपथ घेतो तेव्हा ईश्वरसाक्ष म्हणायचं की गांभीर्यपूर्वक, हे तो स्वतः ठरवतो, कुणी जबरदस्ती करत नाही. मला ही सोय फार आवडते.

राहता राहिलं आषाढीचं. मुख्यमंत्री पंढरपूरला महापूजा करतात ते कुणाला खटकत नाही कारण कुठल्याही पक्षाचा असला तरी तो करतो आणि शेजारी रांगेतून निवडलेलं वारकरी जोडपं उभं असतं. तुमच्याकडे साहेबांनी जोडीने बसायचं म्हणजे ज्यांनी वर्षभर मंदिराची दिवाबत्ती केली ते बाजूला सरकणार ना? कोण बसतं दरवर्षी?

घोडबंदरकर
मावशी, दरवर्षी चिठ्ठी टाकतो, ह्या वर्षी बी विंगमधल्या वॉचमनची चिठ्ठी निघाली होती. सेक्रेटरी म्हणतोय त्याला पुढच्या वर्षी बसवू.

नेरुळची_मावशी
मग विचारायला काय आलात इथे! वॉचमन आणि त्याची बायको बसणार म्हणून आत्ताच्या आत्ता नोटीस बोर्डवर लावा. साहेबांना म्हणावं प्रसादाला या, सगळ्यांसारखं रांगेत पान घेऊन बसा, वर्गणी द्यायचीच असेल तर फ्लॅटमागे जेवढी आहे तेवढीच चेकने द्या, पावती मिळेल. बॅनर नाही, भाषण नाही. आले तर आले.

आगरी_पोर_कोपरखैरणे
नाही येणार, लिहून ठेवा. रांगेत बसून रील होत नाही.