मदत हवी आहे: गरोदरपणाचा आठवा आठवडा, सकाळच्या उलट्या, सुंठ किती द्यावी?

रानजाई (कराड):
जाऊबाईंना आठवा आठवडा लागलाय. ब्रश तोंडात घातला की उमळतं, चहा पोटात ठरत नाही. सासूबाई उपाशीपोटी सुंठ-गुळाचा काढा देतात, त्याने छातीत जळजळ. आल्याच्या कॅप्सूल द्याव्यात का? बी६ जीवनसत्त्व वेगळं लागतं का? सध्या फॉलिक अ‍ॅसिड आणि लोहाची गोळी चालू आहे.

सुंठसाखर (कोरेगाव):
सुंठ चांगलीच, माप आणि वेळ चुकतेय. दिवसाला १ ग्रॅम पुरे, तीही चार वेळा विभागून. म्हणजे एका वेळी चिमूटभर. काढ्यात सपाट चमचा घालतात तो २ ग्रॅमच्या आसपास भरतो. रिकाम्या पोटी एकदम तेवढी गेली की जळजळणारच. आधी अंथरुणातच मूठभर चुरमुरे किंवा कोरडी खारी, पंधरा-वीस मिनिटं बसून राहायचं, मग उठायचं. सुंठ त्यानंतर. आलेपाक चालेल, पण त्यात साखरच फार. कॅप्सूलवर ‘अर्क’ लिहिलं असेल तर हे माप धरू नका. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर सुंठीआधी डॉक्टरांना विचारा.

कृष्णाकाठ (सांगली):
माझा संशय लोहाच्या गोळीवर. तिने मळमळ वाढते, म्हणून पहिले तीन महिने सहसा नुसतं फॉलिक देतात. सरकारी गोळ्याही चौथ्या महिन्यापासूनच. मनाने बंद करू नका, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट दाखवून विचारा. फॉलिक मात्र चुकवायचं नाही.

बी६ १० ते २५ मिग्रॅ, दिवसातून तीनदा, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये ते बऱ्याचदा जेमतेम ३ मिग्रॅ असतं, म्हणून ‘घेतलं पण गुण नाही’. आणि आमची हळद भाजीत हवी तेवढी घाला, कर्क्युमिनच्या (हळदीच्या अर्काच्या) कॅप्सूल या दिवसांत नकोत.

रानजाई:
काल रात्रीपासून घोटभर पाणीही उलटून पडतंय.

कृष्णाकाठ:
हे आधी सांगायचं! मग सुंठ-बिंठ बाजूला ठेवा. आठ तास लघवी नाही किंवा गडद होतेय, उठताना भोवळ येते, दिवसभर पाणी ठरत नाही, यातलं एकही असेल तर आजच दवाखाना, सलाइन लागेल. ५० किलोच्या बाईचं अडीच किलो वजन उतरलं तरी तेच. वाटेत ओआरएस, दर पाच मिनिटांनी चमचा-दोन चमचे. एक लिटरची मोठी पुडी अख्खी एक लिटरमध्येच. ग्लासात कालवली तर मीठ जास्त होऊन उलटी वाढते.

रानजाई:
लघवी सकाळपासून एकदाच झाली, कोऱ्या चहासारखी. निघतोय.